हे खरे आहे काय?

मालवणच्या जेटीवर उभे राहिले की एका नजरेत दोन सरकारे दिसतात. समोर पाण्यात सिंधुदुर्ग किल्ला आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ ते १६६७ या काळात कुरटे बेटावर बांधलेला हा जलदुर्ग आज राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक आहे, त्यामुळे तो भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या, म्हणजे दिल्लीच्या ताब्यात. पायाखालची जेटी महाराष्ट्र सागरी मंडळाची, म्हणजे मुंबईची. किल्ल्याभोवतीच्या पाण्यातली मासेमारी किनाऱ्याच्या आधाररेषेपासून १२ सागरी मैलांपर्यंत, साधारण २२ किलोमीटरपर्यंत, राज्याच्या अखत्यारीत येते. त्यापलीकडची मासेमारी राज्यघटनेने संघसूचीत टाकली आहे. आणि पाठीमागच्या बाजारपेठेतले तुंबलेले गटार या दोघांचेही नव्हे, ते नगरपरिषदेचे.

म्हणून किल्ल्याच्या तटाचा चिरा निखळला तर त्याची विचारणा खासदाराने संसदेत करायची. जेटीचा कठडा तुटला तर ती आमदाराने विधानसभेत करायची. पहाटे निघालेल्या होडीच्या तक्रारीचा पत्ता बाराव्या मैलावर बदलतो. मालवणच्याच राजकोट किल्ल्यावरचा शिवपुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला, तेव्हा हा पत्त्याचा पेच साऱ्या महाराष्ट्राने पाहिला. निधी राज्याचा होता आणि काम नौदलाच्या देखरेखीखाली झाले होते. मग जाब विचारायचा कुणाला?

जाब विचारण्याची जी अनेक साधने लोकप्रतिनिधींच्या हाती आहेत, त्यांतले सर्वांत लहान आणि सर्वांत धारदार साधन म्हणजे सभागृहातला प्रश्न. त्याला बहुमत लागत नाही. पक्षाचा आदेशही लागत नाही. एकटा सदस्य कागदावर चार ओळी लिहून देतो आणि सारी शासनयंत्रणा उत्तर शोधायला लागते.

चार उपप्रश्नांची रचना

महाराष्ट्र विधिमंडळातल्या प्रश्नाचा एक ठरलेला साचा आहे. मालवणच्या मच्छीमारांच्या नेहमीच्या तक्रारीवरून नमुन्यादाखल एक प्रश्न रचला, तर तो असा दिसेल :

सन्माननीय मत्स्यव्यवसाय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय :–
(१) मालवण (जि. सिंधुदुर्ग) येथील समुद्रात बंदीच्या काळात पर्ससीन जाळ्यांद्वारे मासेमारी होत असल्याचे माहे जानेवारीमध्ये निदर्शनास आले, हे खरे आहे काय,
(२) असल्यास, उक्त प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय,
(३) असल्यास, चौकशीत काय आढळून आले व तदनुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे,
(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत ?

वाचायला ही भाषा लाकडी वाटते, पण रचना पक्की आहे. पहिल्या उपप्रश्नात घटना, ठिकाण आणि महिना येतो आणि शेवटी ‘हे खरे आहे काय’ अशी मेख मारली जाते. होय म्हटले की सरकार दुसऱ्या पायरीवर उतरते : माहीत होते, तर चौकशी केली का? केली म्हटले की तिसरी पायरी : मग केले काय? काहीच केले नसेल तर चौथी पायरी आहेच. सुटकेच्या एकेका वाटेवर आधीच एकेक माणूस उभा करून ठेवलेला असतो.

उत्तरांचाही साचा तितकाच जुना आहे. ‘हे खरे आहे’ असे उत्तर क्वचित येते. ‘हे खरे नाही’ असे आले की पुढच्या तिन्ही उपप्रश्नांसमोर ‘प्रश्न उद्भवत नाही’ हे तीन शब्द छापले जातात. मुरलेल्या आमदाराला आणि विधिमंडळाच्या वार्ताहराला खरा रस असतो तो तिसऱ्या उत्तरात : ‘हे अंशतः खरे आहे.’ कारण कुठला अंश खरा, ते मग सरकारला स्वतःच्याच हाताने लिहावे लागते.

प्रश्नात काय नसावे, याचे नियम याहून कडक आहेत. लोकसभेच्या नियमांप्रमाणे प्रश्न सर्वसाधारणपणे १५० शब्दांपेक्षा लांब नसावा. त्यात युक्तिवाद, अनुमान, उपरोध, आरोप, विशेषणे आणि बदनामीकारक विधाने चालत नाहीत. मंत्र्याचे मत विचारता येत नाही. ‘समजा असे झाले तर’ अशी काल्पनिक विचारणा करता येत नाही. न्यायप्रविष्ट बाब टाळावी लागते. एरवी भाषणासाठी प्रसिद्ध असलेल्या माणसाने इथे भाषणाची सगळी हत्यारे दाराबाहेर ठेवून यायचे असते. आत येते ती फक्त वस्तुस्थिती. म्हणूनच चांगला प्रश्न मंत्रालयात जन्माला येत नाही. तो मासळीच्या लिलावाच्या जागी, तलाठ्याच्या ओटीवर, एसटीच्या थांब्यावर जन्मतो. तारीख, ठिकाण आणि आकडा देणारे कुणीतरी तिथे असावे लागते.

‘एलएक्यू आलाय’

जिल्ह्याच्या सरकारी कचेऱ्यांमध्ये अधिवेशनाच्या दिवसांत एक शब्द सतत कानावर पडतो : एलएक्यू. विधानसभा प्रश्नाच्या इंग्रजी नावाची ही आद्याक्षरे. ‘एलएक्यू आलाय’ म्हटले की रजा रद्द होतात, जुनी फाइल कपाटातून बाहेर येते, आणि साहेब जेवणाची वेळ विसरतात. मंत्रालयातल्या विभागाकडून प्रश्न आयुक्तालयात, तिथून जिल्ह्याला ओरोसला किंवा थेट मालवणच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात उतरतो. खालचा कर्मचारी नोंदवही उघडतो : गस्त कधी घातली, किती नौका पकडल्या, दंड किती वसूल झाला. ही माहिती त्याच वाटेने वर चढते आणि अखेर मंत्र्यांच्या सहीने उत्तर बनते. या प्रवासाचा एक परिणाम छापील उत्तरात कधीच दिसत नाही. वरून विचारणा झाली की तीन वर्षे पडून राहिलेले पत्र तीन दिवसांत निकाली निघते, कारण ‘कार्यवाही करण्यात आली आहे’ असे लिहायचे तर आधी ती करावी लागते.

प्रश्नांचे मुख्य प्रकार तीन. ज्या प्रश्नावर फुलीसारखी तारेची खूण असते तो तारांकित. त्याला मंत्री सभागृहात उभे राहून तोंडी उत्तर देतात. खूण नसलेला अतारांकित. त्याचे उत्तर लेखी येते. तातडीच्या सार्वजनिक बाबीसाठी अल्पसूचना प्रश्न असतो. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात, राज्यसभेत १५ आणि १६०. लोकसभेत तारांकित प्रश्नांची यादी हिरव्या कागदावर, अतारांकितांची पांढऱ्या आणि अल्पसूचनेची फिक्या गुलाबी कागदावर छापण्याची प्रथा पडली. प्रश्न देणारे शेकडो आणि जागा वीस, म्हणून क्रम सोडतीने ठरतो. तासाभरात या विसांपैकी मोजकेच प्रश्न प्रत्यक्ष पुकारले जातात. उरलेल्यांची उत्तरे पटलावर ठेवली जातात. २०१९ च्या नोव्हेंबरात एके दिवशी लोकसभेत वीसच्या वीस प्रश्न पुकारले गेले, तेव्हा त्याचीच बातमी झाली.

तारेची किंमत आहे ती उपप्रश्नामुळे; साच्यातल्या छापील उपप्रश्नामुळे नव्हे, तर उत्तरानंतर सभागृहात तोंडी विचारल्या जाणाऱ्या उपप्रश्नामुळे. मालवण किनाऱ्यावर रापण ओढताना ज्याने पाहिली असेल त्याला हे चटकन कळेल. होडीतून जाळे अर्धवर्तुळात टाकले जाते, पण नुसत्या टाकण्याने मासळी येत नाही. दोन्ही टोकांचे दोर वाळूवर उभी असलेली माणसे सावकाश, एका तालात ओढत आणतात. मूळ प्रश्न म्हणजे टाकलेले जाळे. त्याचे उत्तर लेखी तयार असते, मंत्री ते वाचून दाखवू शकतात. ओढण्याचे काम उपप्रश्न करतात. ते आधी कळवलेले नसतात. विचारणारा एकाच पक्षाचा नसतो; मूळ प्रश्नकर्त्यानंतर दुसरा, तिसरा सदस्य दोर हाती घेतो. मंत्र्यांचा अभ्यास आहे की त्यांना नुसता कागद दिला आहे, हे सभागृहाला दोन मिनिटांत समजते.

भिंग्याच्या राजापासून कोतळूकच्या गोखल्यांपर्यंत

सरकारला सभागृहात प्रश्न विचारण्याची पहिली नोंद ब्रिटिश उमरावांच्या सभागृहातली आहे. ९ फेब्रुवारी १७२१ रोजी अर्ल कूपर यांनी साउथ सी कंपनीच्या फरारी खजिनदाराबद्दल विचारणा केली : त्याला पकडल्याची बातमी खरी आहे काय? आपल्या नमुन्यातला पहिला उपप्रश्न तीनशे वर्षे मागे जातो तो असा.

हिंदुस्थानात हा अधिकार १८९२ च्या कौन्सिल कायद्याने आला, तोही फार आखडत्या हाताने. प्रश्न विचारता येई, पण उत्तरावर चर्चा करता येत नसे, उपप्रश्न विचारता येत नसे, आणि अध्यक्ष कोणताही प्रश्न नाकारू शकत. १६ फेब्रुवारी १८९३ रोजी भिंग्याच्या राजांनी पहिला प्रश्न विचारला. विषय स्वराज्याचा नव्हता. दौऱ्यावर आलेल्या सरकारी अधिकाऱ्यांना सामान पुरवताना गावोगावच्या दुकानदारांची जी पिळवणूक होते, तिच्याविषयी तो प्रश्न होता. साहेबांच्या तळासाठी लागणारे सामान गावाने पुरवायचे, ही रीत कोकणातल्या म्हाताऱ्यांनाही चांगली ठाऊक असेल. हिंदुस्थानच्या सर्वोच्च कायदेमंडळात पहिला जाब विचारला गेला तो असा किराणा दुकानाचा.

पुढे गुहागर तालुक्यातल्या कोतळूकला जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले १९०२ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात गेले आणि सरकारचेच आकडे सरकारपुढे मांडून त्यांनी अंदाजपत्रकाची चिरफाड करायला सुरुवात केली. १९०९ च्या सुधारणांनी मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्नाचा अधिकार मिळाला, १९१९ च्या कायद्याने तो सर्व सदस्यांना मिळाला. स्वातंत्र्यानंतर घटनेने मंत्रिमंडळाला लोकसभेला, आणि राज्यात विधानसभेला, सामूहिकरीत्या जबाबदार धरले. विनंतीचा प्रश्न तेव्हापासून हक्काचा झाला.

प्रश्नाची ताकद आणि प्रश्नाचा बाजार

प्रश्न मंत्र्याला घरी पाठवू शकतो, हे १९५७–५८ मध्ये दिसले. नव्याने स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंध्रा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले होते. संसदेत प्रश्न आला, उत्तर गुळमुळीत मिळाले. मग १६ डिसेंबर १९५७ रोजी फिरोज गांधींनी तो विषय असा धरला की सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. फिरोज गांधी सत्ताधारी पक्षाचेच खासदार, शिवाय पंतप्रधानांचे जावई. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी मुंबईत जाहीर सुनावणी घेतली, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला.

या कथेला एक जुने शेपूट आहे. त्याआधी सात वर्षे मुंबईचे एक खासदार एच. जी. मुद्गल यांच्यावर मुंबईच्या सराफ संघटनेकडून पैसे घेऊन संसदेत प्रश्न विचारल्याचा ठपका आला होता. चौकशी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष होते हेच कृष्णम्माचारी. सप्टेंबर १९५१ मध्ये हकालपट्टीचा ठराव नेहरूंनी स्वतः मांडला. तो मंजूर होण्याआधीच मुद्गल यांनी राजीनामा दिला. प्रश्नाला बाजारात किंमत येते, कारण सभागृहात त्याला वजन असते. हे पुन्हा डिसेंबर २००५ मध्ये दिसले. छुप्या कॅमेऱ्यासमोर प्रश्नांसाठी पैसे घेताना सापडलेल्या ११ खासदारांना दोन्ही सभागृहांनी एकाच दिवशी बाहेर काढले.

प्रश्नाला सरकार किती भिते, याचा पुरावा प्रश्नोत्तराचा तास बंद पडला तेव्हा मिळतो. १९७५ साली आणीबाणी पुकारल्यानंतरचे पहिले अधिवेशन २१ जुलैला सुरू झाले आणि सरकारी कामकाजाव्यतिरिक्त सारे काही रद्द करण्यात आले. पहिली कुऱ्हाड प्रश्नांवर पडली. त्या वेळी आपल्या किनाऱ्याचे, म्हणजे राजापूर मतदारसंघाचे खासदार मधु दंडवते सभागृहात नव्हतेच. एका संसदीय समितीच्या कामासाठी ते बंगळूरला गेले असता २६ जूनला वाजपेयी आणि अडवाणी यांच्याबरोबर पकडले गेले होते आणि तिथल्याच तुरुंगात होते. प्रश्न आणि प्रश्नकर्ता दोघांनाही महिन्याभराच्या आत कोंडून ठेवण्यात आले. २०२० च्या सप्टेंबरात कोविडच्या साथीत तोंडी प्रश्नोत्तरे वगळली गेली, तेव्हाही लेखी उत्तरे मात्र चालू राहिली.

‘तपासून पाहू’ याचा अर्थ

मंत्री सभागृहात म्हणतात, ‘मी माहिती घेतो’, ‘बाब विचाराधीन आहे’, ‘तपासून पाहू’. बाहेर या वाक्यांचा अर्थ ‘आता विसरा’ असा असतो. सभागृहात तसा तो नसतो. लोकसभेने १ डिसेंबर १९५३ रोजी शासकीय आश्वासन समिती स्थापन केली आणि अशा ठरावीक वाक्यांची यादीच करून टाकली. यादीतले वाक्य मंत्र्यांच्या तोंडून निघाले की ते आश्वासन म्हणून नोंदले जाते, आणि तीन महिन्यांत पुरे करायचे असते. ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ हेदेखील आश्वासनच. महाराष्ट्र विधिमंडळातही आश्वासन समिती आहे. मुदती टळतात, वाढवून घेतल्या जातात, समित्या वर्षानुवर्षे मागे लागतात. पण एकदा नोंद झालेले वाक्य पुसता येत नाही.

पर्ससीन जाळ्यांचा वाद या कसोटीवर पाहण्यासारखा आहे. रापण आणि लहान होड्यांवर पोट असलेले पारंपरिक मच्छीमार आणि यांत्रिक नौकांनी थवेच्या थवे गोळा करणारे पर्ससीनवाले यांचा झगडा मालवणच्या समुद्रात अनेक वर्षांचा. तो किनाऱ्यावर दगडफेकीने आणि मोर्चाने लढला गेला, तसा सभागृहात प्रश्नांनी आणि लक्षवेधी सूचनांनीही. डॉ. सोमवंशी समितीच्या शिफारशींवरून ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्य शासनाने पर्ससीनचा हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच ठेवून परवाने टप्प्याटप्प्याने घटवण्याचा आदेश काढला. बाराव्या मैलापलीकडच्या एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. १९८१ च्या राज्याच्या सागरी मासेमारी कायद्यात २०२१ मध्ये बदल होऊन दंड वाढला. आदेश निघाल्यावर झगडा मिटला नाही, पण त्याचे रूप पालटले. पूर्वी प्रश्न असे, ‘बंदी घालणार काय?’ आता प्रश्न असतो, ‘बंदी असताना अमुक तारखेला अमुक बंदरात नौका कशी उतरली?’ दुसरा प्रश्न टाळणे कितीतरी कठीण.

हा अधिकार सामान्य माणसापर्यंतही झिरपला. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यातल्या कलम ८ मध्ये मुळात असे म्हटले होते की, जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. आचऱ्याच्या किंवा देवबागच्या एखाद्या शिक्षकाने दहा रुपयांचे तिकीट लावून केलेला अर्ज हा सभागृहातल्या प्रश्नाचाच धाकटा भाऊ. कित्येकदा तर आधी असा अर्ज होतो, त्यात मिळालेले कागद आमदाराच्या हाती जातात, आणि त्यांतून तारांकित प्रश्न तयार होतो.

नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

१९५७ साली राजापूर मतदारसंघाने वेंगुर्ल्याचा एक पस्तिशीतला बॅरिस्टर लोकसभेत पाठवला. नाथ पै. त्यांच्या वक्तृत्वाच्या कथा कोकणात आजही सांगितल्या जातात, मालवणला त्यांच्या नावाचे सेवांगण आहे. मुंध्रा प्रकरण गाजत असताना ते याच नव्या लोकसभेत होते. कोकणाला रेल्वे हवी हा आग्रह त्यांनी संसदेत सतत धरला. १८ जानेवारी १९७१ रोजी, पन्नाशीही न गाठता, ते बेळगावला वारले, तेव्हा सावंतवाडी-कुडाळच्या माणसाला आगगाडी पाहायची तर दूर जावे लागे.

त्यांच्या जागी आलेले दंडवते मूळचे अहमदनगरचे, मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारे. १९७१ ते १९८९ पर्यंतच्या पाच निवडणुका त्यांनी इथून जिंकल्या. विरोधी बाकावरून त्यांनी रेल्वेविषयी सरकारला भंडावून सोडले, आणि १९७७ मध्ये तेच रेल्वेमंत्री झाले. ज्या तासात ते उठून प्रश्न विचारत, त्याच तासात आता त्यांना उठून उत्तर द्यायचे होते. लाकडी फळ्यांच्या दुसऱ्या वर्गात गाद्या आल्या त्या त्यांच्या काळात. विचारणाऱ्याने एकदा उत्तर देऊन पाहावे आणि उत्तर देणाऱ्याने एकदा विचारून पाहावे, ही सोय लोकशाहीने करून ठेवली आहे. दंडवत्यांना ती दोनदा मिळाली : १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन करण्याचा निर्णय झाला तेव्हा रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस होते, आणि पैशाची व्यवस्था पाहणारे अर्थमंत्री दंडवते.

ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली रोह्यापासून दक्षिणेकडे ७४१ किलोमीटरचा मार्ग डोंगर पोखरून, खाड्या ओलांडून तयार झाला. २६ जानेवारी १९९८ रोजी तो संपूर्ण खुला झाला. नाथ पै लोकसभेत गेले, त्याला तोवर ४१ वर्षे होत आली होती.

रेल्वे प्रश्नांमुळे आली असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. ती आली पैशाच्या नव्या योजनेमुळे, अभियंत्यांमुळे, आणि योग्य वेळी योग्य खुर्चीवर बसलेल्या दोन माणसांमुळे. पण चाळीस वर्षे ही मागणी मेली नाही, याचे एक कारण संसदेच्या छापील कामकाजात आहे. सरकारे बदलली, मंत्री बदलले, तरी मागच्या उत्तराचा कागद पुढच्या मंत्र्यासमोर धरता येत होता. आजही अधिवेशने आखडतात, गदारोळात तास वाहून जातो, उत्तरे उशिरा येतात. तरी नमुन्यातला चौथा उपप्रश्न कुणी खोडून टाकलेला नाही. केलेल्या कामाबद्दल सरकार आपणहून बोलते. न केलेल्या कामाबद्दल त्याला लेखी बोलायला लावणारी तेवढीच एक ओळ आहे. त्या ओळीसमोर कचेरीत सहसा लिहिले जाते : ‘विलंब झालेला नाही.’ कोकण रेल्वेच्या बाबतीत मात्र हे उत्तर लिहिण्याची सोय कुठल्याच सरकारला उरली नव्हती.